नाकारलेल्या फोनला दंड नाही

लग्नपत्रिका हातात पडली आणि मी खुर्चीतून उठलेच. गावातल्या एका मुलीचं लग्न होतं. पत्रिका शिक्षकांच्या खोलीत वाटली गेली होती, आणि खाली छापखान्यानं नीट चौकट आखून फोन नंबर छापला होता. नंबर आमच्या शाळेचा, आणि त्याच्यापुढं दोन अक्षरं, पी.पी. थोडक्यात, वऱ्हाडाची गाडी पंक्चर झाली, आचारी आला नाही, नवरदेवाच्या काकांना रस्ता सापडेना, तर या सगळ्यांनी फोन करायचा तो हायस्कूलमध्ये.

ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी ज्यांच्याकडे आहे त्यांचा नंबर खुशाल आपला म्हणून द्यायचा आणि पुढं पी.पी. लिहायचं, ही नव्वदच्या दशकातली सर्रास पद्धत. शहरात शेजाऱ्याचा नंबर देत. आमच्या गावात शेजाऱ्याकडेही नव्हता. सणसरच्या पुढं, बारामती-इंदापूर रस्ता सोडून दोन किलोमीटर आत असलेलं हे गाव. निम्मं गाव वस्त्यांवर पांगलेलं आणि सगळीकडे ऊस. अशा गावात एक फोन आला, तो हेडसरांच्या टेबलावर. हेडसरांनी हौसेनं बारामतीहून छोटं कुलूप आणून डायलला लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. बाहेर फोन करणाऱ्यांचा बंदोबस्त झाला. येणाऱ्या फोनला कुलूप लावता येत नाही, हे मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सहा महिन्यांत आख्ख्या गावाचा पी.पी. नंबर आमचा झाला. बँकेच्या फॉर्मवर तोच, कारखान्याच्या कागदावर तोच, सोयऱ्याधायऱ्यांच्या डायऱ्यांत तोच. फोन करणारा सांगायचा, नववीतल्या अमक्याला बोलवा, त्याच्याकडे घरचा निरोप देतो. मग आमचे शिपाई तात्या टायरच्या चपला फटफट वाजवत वर्गाच्या दारात यायचे. तात्यांचं वय पन्नाशीच्या पुढचं, स्वभाव गरीब, नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. "बाई, आमक्याचा फोन हाय." की उठलं पोर. एका तासात तीन तीन वेळा. मी गणित शिकवायचे. फळ्यावर समीकरण अर्धं सुटलेलं असायचं आणि मुलांचे डोळे दाराकडे.

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. वय तिशीच्या आतबाहेर. रोज सकाळी बारामतीहून एसटीनं यायचे, फाट्यावर उतरून पुढं चालायचे, आणि एवढं करून ज्यांना शिकवायला यायचं ती पोरं फोनवर. मी ती पत्रिका घेऊन तशीच हेडसरांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलावर आपटली.

"सर, शाळा आहे की एसटीडी बूथ?"

हेडसर शांत माणूस. त्यांनी पत्रिका चष्मा लावून वाचली, मुलीकडच्यांची नावं वाचली, जेवणाची वेळ वाचली, आणि मग म्हणाले, "दंड लावू या."

तर जूनमध्ये शाळा उघडली ती नव्या नियमानं. शाळेच्या वेळात ज्या विद्यार्थ्याला फोन येईल त्यानं दोन रुपये दंड भरायचा. तात्यांनी कुणाचा निरोप घ्यायचा नाही, कारण निरोप घेतला की तो पोचवायला सायकलवर टांग टाकून ते वस्तीवर निघत आणि दुपारची घंटा द्यायला कुणी उरत नसे. नियम लिहिला मी. फळ्यावर माझं अक्षर चांगलं म्हणून नोटीसही माझ्याच हातची. दंड लागला की फोन बंद होतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पहिल्याच आठवड्यात एक बागायतदार मोटरसायकलवरून आले. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, नववीत. मार्केट यार्डातला त्यांचा आडत्या रोज सकाळी टोमॅटोचा भाव कळवायला फोन करायचा, तो या पोराच्या नावानं. मला वाटलं, माणूस भांडायला आला. मी पदर खोचून तयारच होते. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली.

"बाई, हे घ्या. सारखं दोन दोन रुपयं कुठं सुट्टं करायचं?"

"कसले हे?"

"दंडाचं. आगाव. संपलं की पोराला सांगा, पुन्हा धाडतो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. चेष्टा करत असतील असं वाटलं. माणूस अगदी मनापासून बोलत होता.

"अहो, हा दंड आहे! शिक्षा आहे ही. फोन येऊ नये म्हणून लावलाय."

"व्हय की. पन बारामतीला जाऊन फोन करायचा म्हंजी येष्टीचं भाडं, बूथवाल्याचं बिल, निम्मा दिस खोटी. तुमचं दोन रुपयं लई परवाडत्यात बाई. उलट मागं फुकाट फोन घ्यायला आमालाच वशाळल्यावानी व्हायचं. आता हक्कानं घेता यील."

हक्कानं! शिक्षेचं आम्ही तिकीट करून ठेवलं होतं. आधी लोकांना निदान भीड होती, मास्तर काय म्हणतील असं वाटायचं. दोन रुपये ठरवून ती भीड आम्हीच काढून टाकली. फोन कमी व्हायचे ते दुप्पट झाले. हेडसरांना मी सांगायला गेले तर ते म्हणाले, "पण बाई, पैसे जमतायत की. पाण्याच्या टाकीला नळ बसवू." नळ बसलेही. आजकाल मोबाइलवर दंड लावावा की नाही यावरून पालकसभा गाजतात. कुणी पाचशे म्हणतं, कुणी हजार. तेव्हा मला तो बागायतदार आठवतो आणि मी गप्प बसते. पण त्या वर्षी मी गप्प बसले नाही. दंड पाच रुपये केला. त्यांनी पाच दिले.

मग मी इरेला पेटले. पैशानं भागत नाही ना, मग लाज वाटली पाहिजे, असं मी ठरवलं. व्हरांड्यात, नववीच्या वर्गाला लागून, एक जुना फळा होता. त्याच्यावर ज्याला फोन येईल त्याचं नाव आठवडाभर लिहायचं. आणि दुसरी युक्ती माझ्या अगदी खास डोक्यातली. तात्या दारात आले आणि मुलानं "मला फोन घ्यायचा नाही" असं सांगितलं, तर दंड माफ, नाव नाही, वर वर्गानं त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. नाकारलेल्या फोनला दंड नाही. नोटिशीत मी हे वाक्य ठळक लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

बागायतदाराच्या पोरावर कशाचाच परिणाम नव्हता. फळ्यावर आपलं नाव पहिलं आहे का हे तो रोज बघायचा. पण बाकीच्यांवर झाला. पहिल्यांदा एका मुलानं धिटाईनं फोन नाकारला. मी त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगं लाजून लाल झालं. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांनी नाकारला. कधी नव्हे ते माझे तास सलग होऊ लागले. मी घरी नवऱ्याला सांगितलं, "बघा, वळण लागतं मुलांना. लावणारं पाहिजे." तो एमआयडीसीत सुपरवायझर होता, दिवसभर माणसांना वळण लावून थकून आलेला. "हं," म्हणाला आणि जेवायला बसला.

त्या वर्गात एक मुलगी होती. दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला. हुशार होती, पण बोलायची नाही. विचारलं तरच उत्तर द्यायची, आणि ते बरोबर असायचं. अशा मुलांचं कौतुक करायचं राहून जातं. ती त्रास देत नाहीत म्हणून आपलं लक्ष जात नाही. घर गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात पोरांनी शिकायचंच असा दंडक होता. वडील एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात कामाला, आई शेतावर. मोठी बहीण त्याच वर्षी बारावी झालेली.

जुलैत या मुलीला एक फोन आला होता. पिंपरीच्या मामाचा. ती उठून गेली, आली, आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदात गुंडाळलेले पाच रुपये तिनं दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरले. नाव आठ दिवस फळ्यावर राहिलं. त्या आठ दिवसांत ती व्हरांड्यातून यायची नाही. शाळेला वळसा घालून मागच्या दारानं वर्गात शिरायची. मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि मनात म्हटलं, हिला लागलं, चांगलं झालं, असंच लागलं पाहिजे. पुढं जे झालं ते समजायचं तर माझ्या मनातलं हे वाक्य सांगायलाच हवं, म्हणून सांगते.

ऑगस्टचा शेवट असेल. तिसरा तास. मी फळ्यावर अवयव पाडायला दिले होते. तात्या दारात आले आणि त्या मुलीचं नाव घेऊन म्हणाले, "फोन हाय. पुन्यावरनं."

ती उभी राहिली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. मीही खडू हातात धरून बघत होते. ती बराच वेळ उभी होती असं मला आता वाटतं, तेव्हा तो क्षणभरच असेल.

"नको बाई," ती म्हणाली. "मला घ्यायचा नाही."

मला इतका आनंद झाला! ही गरीब गाय, कधी तोंड न उघडणारी, तिनं फोन नाकारला. मी तिला पुढं बोलावलं, फळ्याजवळ उभं केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "निश्चय कशाला म्हणतात ते हिच्याकडून शिका," असं म्हणाले आणि आधी मीच टाळ्या वाजवल्या. वर्गानं कडकडाट केला. तात्या अजून दारातच घुटमळत होते.

"बाई, निरोप घिऊ का? कोन तरी सायब बोलत्यात."

"तात्या," मी म्हटलं, "नियम काय आहे?"

"घ्यायचा न्हाय."

"मग?"

तात्या चपला वाजवत गेले. ती मुलगी जागेवर जाऊन बसली आणि दिलेले सगळे अवयव तिनं बरोबर पाडले. मी तिच्या वहीवर शेरा दिला, उत्तम.

आठ-दहा दिवसांनी, मधल्या सुट्टीत, एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. अठराएक वर्षांची, साधा पंजाबी ड्रेस, हातात पाकीट. मी चेहऱ्यावरूनच ओळखलं, ही त्या मुलीची बहीण. तेच कपाळ, तेच हळू बोलणं.

"बाई, एक विचारायचं हुतं. गेल्या महिन्याच्या शेवटाला, बुधवारी, शाळेत पुन्याहून फोन आला हुता का?"

कुणाचा, कशासाठी, हे तिनं अजून सांगितलंही नव्हतं. पण मला तो तिसरा तास आठवला.

तिनं पाकिटातलं पत्र काढून दिलं. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या नर्सिंग कॉलेजचं. तिनं अर्ज केला होता, मुलाखत झाली होती, आणि प्रतीक्षा यादीत तिचा पहिला नंबर होता. अर्जात फोन नंबराच्या रकान्यात तिनं आमच्या शाळेचा नंबर लिहिला होता, पी.पी. दुसरा कुठला लिहिणार? पत्रात दोनच ओळी होत्या. एक जागा रिकामी झाली म्हणून आपल्याशी फोनवर संपर्क साधला, प्रतिसाद मिळाला नाही, सबब जागा पुढील उमेदवारास दिली आहे.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. अक्षरं दिसत होती पण आत काही जात नव्हतं. मग तिचा हात धरून तिला हेडसरांच्या खोलीत नेलं. सरांना म्हटलं, किल्ली द्या. माझा चेहरा बघून त्यांनी काही न विचारता दिली. डायलचं कुलूप मला उघडेना, ते सरांनीच काढलं. नंबर लागायला वीस मिनिटं गेली. शेवटी पलीकडून एक कारकून बोलले. मी ओळख सांगितली, सगळं सांगितलं, मुलगी इथे उभी आहे असं सांगितलं.

"मॅडम, मीच केला होता फोन," ते म्हणाले. "पत्र वेळेत पोचलं नसतं. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत हजर व्हायचं होतं. पहिलं नाव आहे, गरिबाचं दिसतंय, म्हटलं फोनच करू. अर्जावर धाकट्या बहिणीचं नाव, वर्ग, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. उचलणारे म्हणाले, पोरगी फोनवर येत नाही, आणि निरोप घ्यायला बंदी आहे. मी म्हटलं, अहो, महत्त्वाचं आहे. ते म्हणाले, बाईंचा नियम आहे."

मग ते म्हणाले, "निरोप घ्यायला कसली हो बंदी? शाळाच ना ती?"

जागा परत मिळणं शक्य नव्हतं. पुढची मुलगी दुसऱ्या दिवशी वेळेत हजर झाली होती, कॉलेज सुरू झालं होतं. मी रिसीव्हर ठेवला. खोलीत हेडसर, दारात तात्या, आणि ती. आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे बघून तिला कळलं. ती रडली नाही. तिनं पत्राची घडी घातली, आधी होती तशीच, आणि पाकिटात ठेवली. तात्या मात्र भिंतीला टेकून म्हणाले, "मी इचारलं हुतं बाई. निरोप घिऊ का म्हनून इचारलं हुतं." त्यांनी विचारलं होतंच.

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. माफी कशी मागतात ते मला येईना. मी पुढच्या वर्षीबद्दल काहीबाही बोलत होते. ती म्हणाली, "आण्णा म्हनले हुते, यंदा लागली तर शिक, न्हायतर माझ्यासंगं कामाला ये. एकट्याच्या पगारात दोघींचं भागत न्हाय." मग म्हणाली, "बाई, धाकटीला काय बोलू नका. तिला वाटतंय मामाचा फोन हुता. तिला ठावं न्हाय काय झालं त्ये. कळलं तर ती शाळा सोडून बसंल." मी तसा शब्द दिला.

दिवाळीनंतर ती वडिलांच्या प्रकल्पात दूध पॅकिंगला लागली. पुढच्या वर्षी तिनं अर्ज केला नाही. संध्याकाळी कधी कधी मला ती एमआयडीसीच्या फाट्यावर दिसायची, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांच्या घोळक्यात. माझी एसटी तिथून जायची. मी खिडकीपासून आत सरकून बसायचे.

पण हे सगळं नंतरचं. ती भेटून गेली त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, मी शिक्षकांच्या सभेत तोफच डागली. गरिबाच्या पोरीनं पाच रुपये आणायचे कुठून, असं मी ओरडले. बागायतदाराला दंड म्हणजे तिकीट, आणि या पोरीला दंड म्हणजे एका दिवसाचं तेलमीठ. पाच रुपये वाचवायला तिनं फोन नाकारला, आणि त्या पाच रुपयांनी तिच्या बहिणीचं आयुष्य गेलं. असा दंड लावणाऱ्या शाळेला शाळा म्हणायचं का? मी टेबलावर हात आपटत होते. सगळे खाली माना घालून बसले होते. मला वाटत होतं की मी फार खरं बोलते आहे.

हेडसरांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "दंड मी लावला बाई. चुकला. उद्यापासून बंद. पण फोन नाकारायचा, हे त्या पोरीला मी नाही शिकवलं."

मला त्यांचा भयंकर संताप आला. रात्रभर मी त्यांच्यावर चडफडत होते. स्वतःची जबाबदारी झटकतात, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी नववीवर गेले. फळा मीच पुसला, व्हरांड्यातलाही. मुलांना सांगितलं की दंड रद्द झाला आहे, तात्या आता निरोप लिहून घेतील आणि सुट्टीत देतील. का रद्द केला हेही सांगितलं, त्या मुलीकडे न बघता. म्हटलं, ज्यांच्या घरी पैसे नाहीत त्यांच्यावर अन्याय होत होता. पैसे नाहीत म्हणून कुणाला फोन नाकारावा लागू नये. बागायतदाराच्या पोरानं हात वर करून विचारलं, "बाई, आमचं शंभरातलं उरल्यालं परत मिळणार का?" वर्ग हसला. मीही हसले, खोटं सांगत नाही. छातीवरचं ओझं थोडं हललं होतं.

तास संपला. मुलं पाणी प्यायला बाहेर पळाली. ती बाकावरच राहिली होती. मी पुस्तकं गोळा करत होते तेव्हा ती माझ्या टेबलापाशी आली. तिच्या बहिणीला मी शब्द दिला होता, म्हणून मी उगाच तिची वही मागितली, काहीतरी करायचं म्हणून. तिनं वही दिली नाही.

"बाई, माझ्याकडं पैसं हुतं."

मला कळलं नाही. "कसले पैसे?"

"दंडाचं. ताईनं दिलं हुतं. धा रुपयाची नोट. पुन्यावरनं फोन यील, म्हनली, आला की लगीच जा, दंड भर, निरोप नीट इचारून घे. मी रोज आनत हुते कंपासपेटीत."

मी खुर्चीवर बसले. बहिणीनं यातलं मला काहीच सांगितलं नव्हतं.

"ताईला म्हनले, नोट हरावली, म्हनून गेले न्हाय. त्ये खोटं हाय. आनि फोन मामाचा आसंल म्हनले, त्येबी खोटं हाय. तात्यांनी पुन्यावरनं म्हनल्याबरूबर मला कळलं हुतं, ताईचा हाय म्हनून."

ती रडत नव्हती. धडा म्हणून दाखवावा तशी एकेक वाक्य बोलत होती. पाठ केलं असावं तिनं. कितीतरी दिवस पाठ करत असावी.

"मग का गं?" मी विचारलं. "का नाही गेलीस?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं.

"तुमी माझ्याकडं बघत हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी टाळ्या वाजवाल."